घड्याळ कुठलं, ते आधी बघ

हे बघ, मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे आठ तास, असा भागाकार करून कुणाला वेळ सांगू नकोस. हे अंतर पृथ्वीच्या गोळ्यावर दोरी ताणून धरावी तसं मोजलेलं असतं. विमानाला ठरलेल्या मार्गांनी जावं लागतं. त्यात कुणी आपलं आकाश बंद केलं की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांची वाट अडवल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचा प्रवास असाच लांबला. शिवाय वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी. म्हणून जायला दहाएक तास, यायला नऊ.

तिकिटावरची वेळ नेहमी त्या त्या गावची. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. समज, जानेवारीत पहाटे २ ला सुटून साडेसहाला पोहोचायचंय. दिसायला साडेचारच तास. साडेपाच मिळव, दहा झाले. आईच्या गोळ्यांच्या वेळा या दहा तासांवर लाव. परतीच्या वेळेपुढे बारीक अक्षरात +१ असतं: सकाळी १० ला निघालीस तर मुंबईत रात्री साडेबारा, पण तारीख पुढची. ते न बघता लोक गाडी आदल्याच रात्री बोलावून ठेवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १५ तारखेचं ००:३५ चं विमान म्हणजे १४ ची रात्र! १५ ला रात्री जेवूनखाऊन बॅगा घेऊन हजर झालेली माणसं मी पाहिलीत. काउंटरवरची पोरगी तरी काय करणार? तिकीट आलं की कालनिर्णयवर १४ च्या चौकोनात लिही, ‘आज दुपारी निघणे’. हो, दुपारीच. पुण्याहून विमानतळ दीडशे किलोमीटर. चार तास धर, पावसाळ्यात बोरघाटाचा आणखी एक. रात्री साडेनऊला आत शिरायचं तर साडेचारला घर सोडायचं. कुणी हसलं तर हसू दे. काउंटर तासभर आधीच बंद होतो. आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ म्हणू नकोस.

विमान गेटवरून वेळेवर हललं तरी लगेच उडेल असं नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, म्हणून रांग लागतेच. कंपन्या ते धरूनच वेळ छापतात. दिल्लीचं विमान हवेत पावणेदोन तासच असतं, तिकिटावर मात्र सव्वादोन दिसतात. त्यामुळे उशिरा सुटलेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोहोचतं. उगाच चिडचिड करू नकोस.

हीथ्रोला न्यायला येणाऱ्याला विमान उतरण्याची वेळ देऊ नकोस, दीड तास पुढची दे. आधी पासपोर्टची रांग, मग पट्ट्यावर बॅगेची वाट बघणं. तिथलं पार्किंग काही स्वस्त नाही.