वैमानिकाची वही

वैमानिकास प्रत्येक उड्डाणाची नोंद वहींत करावी लागते: दिनांक, विमान, मार्ग व काळ. आपल्या देशांत वेतन घेऊन विमान चालविण्याच्या परवान्यास किमान २०० तासांचें उड्डाण लागतें. त्यास द्रव्य फार लागतें. म्हणून कित्येकांस न उडालेले तास लिहिण्याचा मोह पडतो. सन २०११ मध्यें असा संशय आल्यामुळें सरकारनें देशांतील विमानशाळांची तपासणी करविली. खोट्या नोंदीनें परीक्षक फसेल. परंतु पावसाळ्यांत आपल्या महाबळेश्वरीं उतरतात तशा दाट ढगांत सांपडल्यावर, न केलेला सराव कोठून आठवणार? मागें बसलेल्या उतारूंनीं ती वही पाहिलेली नसते. त्यांनीं केवळ विश्वास ठेविलेला असतो. म्हणून शाळेच्या प्रयोगवहींतहि जें मोजलें तेंच लिहावें. ही संवय येथेंच जडते.