नाडी, घाम आणि लंबक : मैदानावरील एक पाठ

क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले की शाळाशाळांतून धावण्याचा व कबड्डीचा सराव सुरू होतो. रुधिराभिसरणाचा व श्वसनाचा पाठ मात्र वर्गात, तक्त्यापुढे, बसल्या जागी आटोपला जातो. वस्तुतः हृदय, फुप्फुसे व त्वचा यांचे कार्य डोळ्यांना दिसावे व बोटांना लागावे अशी जागा मैदान हीच होय. प्रस्तुत पाठ इयत्ता पाचवी ते सातवीसाठी असून तो सराव घेणाऱ्या शिक्षकांच्याही उपयोगी पडावा, असा हेतू आहे.

आरंभ नाडीपासून करावा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस तर्जनी व मध्यमा ही दोन बोटे हलकेच टेकवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये. त्याचे स्वतःचे ठोके मोजणीत मिसळतात. काळ मोजण्यासाठी दोरीला एक दगड बांधावा व खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंतचे अंतर एक मीटरला अर्धा सेंटिमीटर कमी ठेवावे. हा लंबक थोडासाच झुलविला असता एका टोकापासून दुसऱ्या टोकास जाण्यास त्याला जवळजवळ एक सेकंद लागतो. अशा ३० खेपा म्हणजे अर्धे मिनिट. दगड सोडतानाच मुले ‘एक’ म्हणतात. तेथे ‘शून्य’ म्हणावयास शिकवावे. शिक्षकांच्या खिशात आज मोबाईल असतो हे खरे, तथापि लंबक मुलांनी स्वतः केलेला असतो आणि तो चाळीस मुलांना एकाच वेळी दिसतो. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील सँटोरिओ या वैद्याने नाडीची गती लंबकानेच मोजली होती, ही माहिती सांगितल्यास मुलांना आपल्या दगडाविषयी आदर वाटू लागतो.

स्वस्थ बसलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाची नाडी मिनिटाला साधारणतः ७० ते ११० असते. मैदानाला दोन फेऱ्या मारून आल्यावर ती दीडशेच्याही पुढे जाते. यात भय नाही. पाहावयाचे ते हे, की थांबल्यावर ती उतरते किती लवकर. दर मिनिटाला मोजून आकडे फळ्यावर लिहावेत. पाच मिनिटे सावलीत बसूनही नाडी फारशी उतरली नाही, तर त्या दिवशी त्या मुलास पुन्हा धावू देऊ नये.

नाडी इतकी का चढते? धावणाऱ्या स्नायूंना अधिक रक्त हवे असते, आणि त्यांनी निर्माण केलेली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही हवे असते. घामावाटे पाणी गेल्याने रक्तातील द्रव कमी झाला, म्हणजे तेवढ्याच कामासाठी हृदयाला अधिक वेळा आकुंचन पावावे लागते. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. तो वाफ होऊन जाताना अंगातील उष्णता नेतो. म्हणूनच कोकणच्या दमट हवेत टपटप गळणारा घाम शरीर थंड करीत नाही, आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हात घाम येताच वाळत असल्याने पाणी किती गेले हे मुलाच्या ध्यानीही येत नाही. दोन्हीकडे धोका आहे.

या धोक्याची खूण मी पुस्तकात वाचली होती, पण ओळखली नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी सहशिक्षक असताना ऑक्टोबरच्या उन्हात सराव घेत होतो. सहावीतील एक मुलगा चौथ्या फेरीत उलट दिशेने वळला. “कितवी फेरी रे?” असे विचारता त्याने भलतेच उत्तर दिले. मी त्यास “सोंग करू नकोस” म्हणून दरडावले. थोड्याच वेळात तो कोसळला. पाणी भरणाऱ्या मावशी धावल्या. “गुरुजी, आधी पोराचं अंग बघा!” असे म्हणून त्यांनी हंडा त्याच्यावर रिता केला, त्याला सावलीत ओढले व पदराने वारा घालू लागल्या. मुलगा वाचला, त्याचे श्रेय माझे नव्हे. उष्माघातात त्वचा कोरडी पडते असे मी पाठ केले होते आणि हा मुलगा तर घामाने निथळत होता. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू राहू शकतो, हे मला नंतर समजले. असंबद्ध बोलणे, तोल जाणे, विनाकारण चिडणे हीच खूण समजावी; अशा वेळी शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असू शकते.

अशा वेळी आधी थंड करावे, मग हलवावे. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतीत राहावे, वारा घालावा व त्याच वेळी दुसऱ्या कोणाकडून १०८ क्रमांकास कळवावे. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये; त्यास कुशीवर निजवावे व श्वास चालू आहे ना, हे पाहत राहावे.

एवढी वेळ येऊ नये म्हणून सराव सकाळी घ्यावा, पहिले दहा-बारा दिवस तो थोडाथोडा वाढवावा आणि तापातून उठलेल्या मुलास वगळावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजावे. “पाणी पिऊन धावले की पोटात दुखते” ही समजूत अजून कित्येक गावांत आहे. घोट-घोट प्यायल्यास तसे होत नाही, हे मुलांनाच अनुभवू द्यावे. प्रत्येक फेरीस मुलाला काहीतरी विचारावे, मग तो पाढा असो वा घरच्या गाईचे नाव. उत्तराला उशीर लागला तर त्यास थांबवावे.

लंबकाचा खिळा मैदानाच्या भिंतीत न मारता पडवीच्या तुळईत मारावा, म्हणजे नाडी मोजावयास येणारे मूल आपोआप सावलीत येते.