दोन बेटांच्या जलप्रदक्षिणा : सॅन्टोरिनी आणि अर्नाळा

ग्रीस देशाच्या दक्षिणेस, एजियन समुद्रात, सॅन्टोरिनी नावाचे एक बेट आहे. त्याचे प्राचीन नाव थेरा. जगभरचे प्रवासी तेथे जातात, स्वतःपुरती एक नौका भाड्याने घेतात आणि पाच-सहा तासांत बेटाच्या भोवती फिरून येतात. पांढरी घरे, निळे घुमट, सूर्यास्त, सारे काही छायाचित्रांतून आपल्या परिचयाचे झाले आहे. प्रस्तुत लेखात त्या सहलीचे वर्णन करण्याचा हेतू नाही. बेटाभोवती नौकेतून फिरताना नेमके काय पाहावे, आणि आपल्या विरारच्या पश्चिमेस असलेल्या अर्नाळा बेटाभोवती तसेच फिरले तर काय हाती लागते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम सॅन्टोरिनी. नकाशात हे बेट चंद्रकोरीसारखे दिसते. कोरीच्या पोटात जो समुद्र आहे तो मुळात समुद्र नव्हेच. ते ज्वालामुखीचे खचलेले तोंड आहे. सुमारे 3,600 वर्षांपूर्वी तेथे एक प्रचंड उद्रेक झाला. भूगर्भातील शिलारस व वायू बाहेर फेकले गेल्याने वरचे छत खाली कोसळले आणि त्या खड्ड्यात समुद्र शिरला. अशा खड्ड्याला ‘काल्डेरा’ म्हणतात. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ आपली कढई असाच आहे. या कढईच्या कडा पाण्यातून सुमारे 300 मीटर सरळ वर उठतात आणि पाण्याखाली तळ काही ठिकाणी जवळजवळ 400 मीटर खोल आहे. म्हणून मोठ्या जहाजांचा नांगर तेथे सहजी तळाला लागत नाही.

नौका कड्याखालून जाऊ लागली की तांबडे, काळे, राखी, पांढरे थर एकावर एक रचलेले दिसतात. प्रत्येक थर हा एकेका उद्रेकाचा जमाखर्च. बेटावर उभे राहून हे थर दिसत नाहीत, कारण पाहणारा स्वतःच त्यांच्या डोक्यावर उभा असतो! कढईच्या मध्यभागी पालेआ कामेनी व नेआ कामेनी, म्हणजे जुनी व नवी ‘जळकी’, अशी दोन काळी बेटे नंतरच्या उद्रेकांनी वर आली आहेत. जुनीच्या कडेला कोमट पाण्याचे झरे आहेत. तेथे नौका थांबते आणि प्रवासी पाण्यात उड्या मारतात. येथला शेवटचा उद्रेक 1950 साली झाला. 2025 च्या आरंभी या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली, तेव्हा हजारो लोक बेट सोडून गेले होते. म्हणजे ही कढई अजून चुलीवरच आहे. बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी येथे राखेखाली गाडले गेलेले एक संपन्न नगर आहे. 1967 पासून मारिनातोस या ग्रीक संशोधकाने त्याचे उत्खनन केले. तेथे भिंतींवरची सुंदर चित्रे सापडली, भांडी सापडली. पण माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. नगरवासी आधीच निघून गेले असावेत असे मानतात. ते गेले असतील तर नौकांतूनच गेले असतील.

आता प्रश्न असा की, आपल्याकडे याला तोड काय? भूगोलाच्या तासाला आपण शिकतो की महाराष्ट्र हाही ज्वालामुखीच्या खडकावर उभा आहे. पण आपला ज्वालामुखी निराळ्या स्वभावाचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. सॅन्टोरिनीचा शिलारस घट्ट, वायूंनी भरलेला. म्हणून तो स्फोटाने उडाला. आपला पातळ, म्हणून तो वाहिला. त्यामुळे आपल्याला शंकूच्या आकाराचा डोंगर मिळाला नाही, सपाट माथ्याचे व पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर मिळाले. विरारचा जीवदानीचा डोंगर आणि त्यामागची तुंगारेश्वराची रांग ही या अग्निपुराचीच उरलेली ठेव. अर्नाळ्याच्या किल्ल्याचा काळा दगडही त्याच घराण्यातला. तेव्हा ज्वालामुखीची कुळकथा ग्रीसला जाऊनच वाचावी लागते असे नाही.

परंतु या दोन जलप्रदक्षिणांतला खरा भेद खडकाचा नाही, पाण्याचा आहे.

भूमध्य समुद्र हा जवळजवळ चारी बाजूंनी कोंडलेला आहे. एजियन भागात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो. तेथील नौकेचा मालक वाऱ्याचा अंदाज घेतो. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणाऱ्या ‘मेल्तेमी’ वाऱ्याला तो भितो. पण धक्क्यावरचे पाणी सकाळी जेथे असते तेथेच संध्याकाळी असते. म्हणून सूर्यास्ताची सहल तेथे घड्याळावर विकता येते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतले अंतर 4 मीटरांहून अधिक असते. सकाळी जेथे होडी तरंगत होती तेथे दुपारी मुले चेंडू खेळतात. येथे वेळापत्रक चंद्राच्या हाती आहे.

ही तफावत प्राचीन ग्रीकांनाही चांगलीच जाणवली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हा प्रवासग्रंथ लिहिला. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्याने भडोचनंतर दक्षिणेकडील बाजारपेठांत ‘सुप्पारा’ची नोंद केली आहे. सुप्पारा म्हणजे आपले सोपारे, जेथील स्तूप 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला, जेथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आणि जेथल्या रेल्वे स्थानकावर आपण रोज गर्दीत लोटले जातो. याच ग्रंथात भडोचच्या खाडीतील भरतीचे वर्णन आहे. वीतभर भरतीच्या समुद्रात वाढलेला तो मनुष्य येथील पाण्याचा लोंढा पाहून चकित झालेला दिसतो. आणि मग तो सांगतो की, परदेशी जहाजांना वाट दाखविण्यासाठी राजाच्या सेवेतील स्थानिक मच्छीमार लांब होड्या घेऊन पुढे जातात व भरतीचा वेग साधून जहाजे आत आणतात. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांना येथे नौकाविहार घडविणारे कोळीच होते असे म्हटले तर फारसे बिघडणार नाही.

तेव्हा अर्नाळ्याला जाणाऱ्याने आधी पंचांग उघडावे. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक ठोकताळा आहे : तिथीला पाऊणने गुणावे, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, द्वादशीला 9. हे दुपार-पहाट दोन्ही वेळा लागू. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सुकती. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते व फार उतरते, ते उधाण; अष्टमीच्या आसपास दोन्ही बेताचे, तो भांग. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिले तर या हिशेबात थोड्याफार मिनिटांचा फरक पडतो; पण सहल ठरविण्यास तो पुरेसा आहे. माझ्या मते द्वादशी उत्तम. सकाळी 9 च्या भरतीला प्रदक्षिणा करावी, मग किल्ला पाहावा आणि पाणी फार ओसरण्यापूर्वी परतावे. पावसाळ्यात अर्थातच नाव काढू नये. बुडण्यापासून रक्षण करणारी जाकिटे आहेत की नाहीत हे होडीत पाय ठेवण्यापूर्वी विचारावे. त्यात लाज कसली?

प्रवाशांची होडी किनाऱ्यावरून दहा-पंधरा मिनिटांत बेटावर सोडते. बेटाला वळसा घालावयाचा तर तांडेलकाकांना वेगळी विनंती करून पूर्ण होडी ठरवावी लागते. बेट उजव्या हाताला ठेवून निघालो की प्रथम दक्षिण टोकाकडचा सुटा, गोल बुरूज दिसतो. किल्ल्यापासून हा एकटाच का, असे जमिनीवरून पाहणाऱ्याला वाटते. पाण्यातून पाहिले की उलगडा होतो. किनारा व बेट यांच्यामधल्या अरुंद पाण्यात शिरणारे प्रत्येक गलबत त्याच्या नजरेखालून जाते. पुढे पश्चिम बाजू. इथे होडी एकदम हलू लागते, कारण आता आडोसा संपला. समोर अरबस्तानापर्यंत पाणीच पाणी. मग उत्तरेस वैतरणेचे विस्तीर्ण मुख आणि पलीकडे दातिवऱ्याचा किनारा. किल्ल्याचा मुख्य दरवाजा उत्तरेलाच आहे. नदीमुखावर ज्याची नजर, त्याच्या हाती नदीतून आत जाणारा माल. किल्ल्याचे सारे प्रयोजन या एका वळणावर ध्यानात येते.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना माहीत आहे. गुजरातच्या सुलतानाने सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे ठाणे बांधले. पुढे ते पोर्तुगीजांकडे गेले. त्यांनी या बेटाला ‘गाईंचे बेट’ असे नाव दिले होते. 1737 मध्ये मराठ्यांनी ते जिंकले आणि पहिल्या बाजीरावाच्या काळात किल्ला नव्याने उभा राहिला. दरवाजावर त्याचा शिलालेख आहे. हत्ती-वाघांची शिल्पेही आहेत. वसई पडली ती त्यानंतर दोन वर्षांनी, 1739 मध्ये, चिमाजीअप्पांच्या हातून. 1817 मध्ये किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला. 18 जून 2025 रोजी नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेस याच बेटावरून ‘अर्नाळा’ हे नाव मिळाले. उथळ पाण्यात लढणाऱ्या नौकांच्या वर्गातली ती पहिली, आणि उथळ पाणी म्हणजे काय हे अर्नाळ्याला कोणी सांगावयास नको!

किल्ल्यात अष्टकोनी तळे आहे, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंना खारे पाणी असताना मध्ये गोडे कसे, याचे पाहुण्यांना नवल वाटते. कारण सोपे आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे 2.5 टक्क्यांनी जड असते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर मधे फुगीर अशा भिंगासारखे तरंगत राहते. समुद्रपातळीच्या वर ते एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असते. पण याचा उलटा अर्थही लक्षात घ्यावा : वरचे एक फूट उपसले तर खालून चाळीस फूट खारे पाणी वर सरकते. बेटाची कड लाटांनी खाल्ली, बेट अरुंद झाले, तरी हे भिंग आकसते.

आणि कड खाल्ली जात आहे. किनाऱ्याची धूप ही बेटावरच्या लोकांची जुनी तक्रार आहे. पुळण म्हणजे बँकेतले खाते. नदी वाळू भरते, लाटा काढतात. वैतरणा व तिची उपनदी तानसा यांवर मुंबईला पाणी पुरविणारी धरणे आहेत. त्यांपैकी तानसाचे धरण 1892 चे. मुंबईची तहान भागते हे चांगलेच. परंतु धरण पाण्याबरोबर गाळही अडविते, हे प्रथम वर्षाच्या भूगोलात आहे. त्यात नदीपात्रातील वाळूचा उपसा मिळविला म्हणजे खात्यात भरणा किती व उचल किती हे ज्याचे त्याने ताडावे. सॅन्टोरिनीची कड एका उद्रेकात कोसळली. येथे ती उधाणागणिक ढेकूळ ढेकूळ जाते, आणि तेवढ्यासाठी कोणी छायाचित्र काढावयास येत नाही.

शेवटी आपल्या वर्गातल्या काही मित्रांविषयी. बेटावर शाळा आहे, महाविद्यालय नाही. तेव्हा ज्याला आम्ही जलप्रदक्षिणा म्हणतो ती होडी काही विद्यार्थ्यांची रोजची बस आहे. वर सांगितलेला हिशेब येथे पुन्हा मांडा. चतुर्थीला भरती 3 वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी 9 वाजता, पंचमीला पावणेदहा. नेमकी कॉलेजला निघण्याची वेळ. होडी कडेला लागत नाही. चपला हातात, दप्तर डोक्यावर, गुडघाभर चिखलपाण्यातून चालत यायचे. पौर्णिमा-अमावास्येला सकाळ बरी जाते, पण संध्याकाळी 6 ला परतताना पाणी नाही. असे महिन्यातून दोनदा, दोन्ही पक्षांत. ‘उशीर का झाला?’ या प्रश्नाला ‘आज पंचमी होती सर’ हे उत्तर वर्गात हशा पिकवते. ते उत्तर शंभर टक्के शास्त्रीय आहे. भूगोल विभागाने एवढे तरी करावे की, भरती-ओहोटीचा वर्षाचा तक्ता कार्यालयात हजेरीपटाशेजारी टांगावा. पहिला तास चुकलेल्यांची नावे आणि त्या दिवसाची तिथी एकदा शेजारी ठेवून वाचली, तर कोणाची गैरहजेरी आळसाची आणि कोणाची चंद्राची, हे दोन महिन्यांत निवडता येईल.