कोरड्या नळाची झडप व तिची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, कांहीं यंत्रें रोज कामाला लागतात, म्हणून त्यांतील दोष रोजच कळून येतो. विहिरीवरील पंप बिघडला तर शेतकऱ्यास त्याच सकाळीं समजतें. सायकलीचा ब्रेक सैल झाला तर पहिल्याच उतारावर कळतें. परंतु कांहीं यंत्रें वर्षानुवर्षें नुसतीं वाट पाहत उभीं असतात, आणि ज्या एका क्षणीं त्यांची गरज पडते त्या क्षणापर्यंत त्यांचा दोष कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. आग विझविण्याचीं साधनें ह्या दुसऱ्या जातीचीं होत. त्यांपैकीं एकाची, म्हणजे ‘ड्राय पाइप व्हॉल्व्ह’ अथवा कोरड्या नळाच्या झडपेची, रचना व परीक्षा आम्ही येथें सांगणार आहों.

मोठमोठ्या इमारतींत छताखालीं नळांचें जाळें पसरलेलें असतें व त्यास ठराविक अंतरावर लहान तोंडें बसविलेलीं असतात. त्यांस स्प्रिंकलर म्हणतात. प्रत्येक तोंड बहुधा कांचेच्या चिमुकल्या कुपीनें बंद केलेलें असतें. कुपींत रंगीत द्रव असतो. तांबडी कुपी सुमारें ६८ अंश सेल्सिअसला फुटते. खालीं आग लागली कीं तापलेली हवा वर चढते, कुपी फुटते, आणि जेथें आग तेथेंच पाण्याचा फवारा सुरू होतो. अमेरिकेंत हेन्री पार्मली ह्यानें १८७४ सालीं असें आपोआप चालणारें साधन तयार केलें व पुढें फ्रेडरिक ग्रिनेल ह्यानें त्यांत मोठी सुधारणा केली.

साधारणतः ह्या नळांत पाणी भरलेलेंच असतें. मग कोरडा नळ कशासाठीं? ह्याचें उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यांतच सांपडेल. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत ह्या भागांतील द्राक्षें शीतगृहांत सुमारें शून्य अंशावर ठेवितात. एवढ्या थंडींत नळांतील पाणी गोठेल. गोठतांना पाण्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें व लोखंडी नळही फुटतो. थंड जागीं आग लागत नाहीं, असेंही समजूं नये. शीतगृहाच्या भिंतींत थंडी राखण्यासाठीं घातलेला फोम व आंत रचलेलीं पुठ्ठ्याचीं खोकीं हीं दोन्ही सहज पेट घेणारीं आहेत. म्हणून जेथें उष्णमान ४ अंशांच्या खालीं जातें तेथें नळांत पाण्याऐवजीं दाबलेली हवा भरितात, आणि पाणी बाहेरच, उबदार खोलींतील झडपेपाशीं, अडवून ठेवितात.

आतां कोणी विचारील कीं, जोरदार पाण्यास नुसती हवा कशी अडविते? युक्ति क्षेत्रफळाची आहे. जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ, हें तुम्ही पदार्थविज्ञानांत शिकलांच आहां. समजा, पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरास ६ किलोग्रॅम आहे व झडपेची पाण्याकडील बाजू १०० चौरस सेंटिमीटर आहे. तर पाण्याचा जोर ६०० किलोग्रॅम झाला. हवेकडील बाजू पांचपट, म्हणजे ५०० चौरस सेंटिमीटर, ठेवून हवेचा दाब केवळ २ ठेविला तरी जोर १,००० होतो, व झडप घट्ट मिटून राहते. कुपी फुटली कीं हवा निसटते. दाब १.२ पर्यंत उतरतांच दोन्ही जोर समान होतात. त्याखालीं जातांच झडप उघडते, पाणी नळांत धांवतें व घंटा वाजूं लागते.

येथवर सर्व सुबक आहे. परंतु बिघाडाच्या वाटाही ह्याच गणितांतून निघतात. झडपेची फट मिटावी म्हणून तिच्यावर थोडें पाणी मुद्दाम ठेवितात. तें पाणी वाढत जाऊन उभ्या नळांत सांचलें तर काय होईल? दहा मीटर उंच पाण्याचा दाब सुमारें १ किलोग्रॅम असतो. वरील उदाहरणांत बारा मीटर पाणी सांचलें, तर सारी हवा निघून गेली तरी झडप उघडावयाची नाहीं! त्याचप्रमाणें हवा भरणारा कॉम्प्रेसर फार जोराचा असला, तर निसटलेली हवा तो तत्काळ भरून काढितो व झडपेस उघडण्याची खूणच मिळत नाहीं. रबराची गादी वर्षानुवर्षें दबून चिकटते. नळाच्या सखल भागांत राहिलेल्या पाण्यानें गंज चढतो, किंवा त्याचा बर्फ होतो. आणि सर्वांत साधा, पण सर्वांत घातक दोष म्हणजे दुरुस्तीनंतर पाण्याची मुख्य चावी बंदच राहून जाणें.

ह्यांतला एकही दोष बाहेरून दिसत नाहीं. म्हणून परीक्षा हवी. तिचा क्रम असा:

पहिली, नित्याची पाहणी. हवेच्या व पाण्याच्या दाबाचे कांटे पाहावे, मुख्य चावी उघडी आहे ना हें हात लावून पाहावें, व सखल जागच्या तोट्या उघडून सांचलेलें पाणी काढून टाकावें.

दुसरी, दर तीन महिन्यांची. झडपेवरील पाण्याची पातळी तपासावी व धोक्याची घंटा वाजवून पाहावी.

तिसरी, वार्षिक. मुख्य चावी थोडीच उघडी ठेवून हवा सोडावी, व किती दाबावर झडप उघडली तें लिहून ठेवावें. मग आंतील भाग साफ करावा.

चौथी, दर तीन वर्षांची व सर्वांत महत्त्वाची. चावी पूर्ण उघडी ठेवून अगदीं टोंकाची तपासणीची तोटी उघडावी, आणि तेथें पाणी पोंचण्यास किती सेकंद लागतात तें घड्याळ लावून मोजावें. मोठ्या जाळ्यांत हा अवधि ६० सेकंदांहून अधिक नसावा, असा दंडक आहे. अग्नि कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून येथें सेकंदांनाच मोल आहे.

परीक्षेपूर्वीं इमारतींतील माणसांस व अग्निशामक दलास कळवावें. परीक्षेनंतर नळ पूर्ण निथळवून, झडपेची बैठक पुसून, वर ठरलेलें पाणी व हवा भरून, मगच मुख्य चावी हळूहळू उघडावी. हें पुनःस्थापनाचें काम परीक्षेइतकेंच जोखमीचें आहे.

आतां ह्या साऱ्या खटाटोपाचें मोल किती, तें पाहूं. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० बालकें मृत्यु पावलीं. त्यानंतर राज्यांतील रुग्णालयांच्या तपासणीचे हुकूम सुटले. तथापि त्याच वर्षीं ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयांत अतिदक्षता विभागास आग लागली व त्या दिवशीं ११ रुग्ण दगावले. ह्या दोन्ही ठिकाणीं प्रश्न कोरड्या नळाचा नव्हता. परंतु हुकूम निघणें व प्राण वांचणें ह्यांत किती अंतर असतें, हें त्या दहा महिन्यांनीं दाखविलें.

महाराष्ट्रांत २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याप्रमाणें ज्या इमारतींस तो लागू आहे त्यांच्या मालकानें अथवा भोगवटादारानें जानेवारींत व जुलैंत, असें वर्षांतून दोनदां, परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र सादर करावयाचें असतें. कायदा चांगला आहे. पण प्रमाणपत्र म्हणजे कागद, आणि कागदानें आग विझत नाहीं. तो कागद खरा कीं खोटा हें झडप उघडून पाहिल्यावांचून ठरत नाहीं.

आमच्या पालकवर्गांत बागाईतदार आहेत, शीतगृहांचे भागीदार आहेत, संस्थांचे विश्वस्तही आहेत. त्यांस आमची एवढीच विनंति कीं, पुढील सभेंत प्रमाणपत्र आहे काय, असें विचारून थांबूं नये. परीक्षेची वही मागवावी आणि विचारावें: मागच्या खेपेस टोंकाच्या तोटीला पाणी किती सेकंदांत आलें? उत्तरादाखल आंकडा मिळाला तर समाधान मानावें. न मिळाल्यास त्याच आठवड्यांत परीक्षा लावावी. आणि विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी अभियंता, परिचारिका अथवा गुदामाचा साधा राखणदार झाला, तरी हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य त्याचें राहीलच.