कॉम्प्युटर तापतो, अडतो, बंद पडतो : आधी कारण शोधू, मग खर्च करू



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि मग एका ताईंनी १४ हजारांचं कर्ज मागितलं. आधीच्या १८ हजारांचे सात हप्ते अजून बाकी. त्या पैशातून त्यांनी जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला होता. घरी पिठाची गिरणी आहे, तिथेच बाजूला टेबल टाकून त्या ऑनलाइन फॉर्म, सातबारा, लाईट बिल अशी कामं करतात. चार पैसे सुटत होते. पण उन्हाळा लागला आणि कॉम्प्युटर अडायला लागला. फॉर्म अर्धा भरला की बंद. दुकानदार म्हणाला, "बोर्ड गेला, दुरुस्तीत अर्थ नाही, दुसरा घ्या."

बैठकीत सगळ्या गप्प. एक मावशी म्हणाल्या, "पहिलं फिटलं नाही, दुसरं कसं द्यायचं?" त्यांचंही चूक नव्हतं. पैसा गटाचा आहे. ताईंचे डोळे भरून आले.

तेवढ्यात कोषाध्यक्ष ताईंनी विचारलं, "अगं पण तो नेमका कधी बंद पडतो?"

याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आजचा धडा या एका प्रश्नातून तयार झाला आहे.

पायरी १ : वहीत लिहा

कर्जाचा निर्णय आठ दिवस पुढे ढकलला. ताईंनी तीन दिवस वहीत नोंद केली : किती वाजता चालू केला, कधी हळू झाला, कधी बंद पडला. सकाळी सातला चालू केला तर पाऊण तास नीट चालायचा. दुपारी पत्रा तापला की पंधरा मिनिटांतच बंद. अर्धा तास थांबून लावला की पुन्हा चालू.

यावरून काय कळतं? कॉम्प्युटर गार असताना चांगला आणि तापल्यावर वाईट असेल, तर दुखणं बहुतेक उष्णतेचं आहे. पण चालू केल्यापासूनच, सकाळ असो की रात्र, सारखाच हळू असेल, तर कारण दुसरं आहे. ते पुढे बघू.

पायरी २ : तापतो का, ते समजून घ्या

ज्या डब्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो, त्यात आत एक छोटी चौकोनी चिप असते. सगळी आकडेमोड ती करते. खरं तर त्या चिपचंच नाव सीपीयू, म्हणजे प्रोसेसर. काम करताना ती तापते. तिच्यावर अॅल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला असतो. त्याला कंगव्याच्या दातांसारख्या पातळ पट्ट्या असतात आणि वर पंखा असतो. चिपची उष्णता पट्ट्यांत जाते, पंखा ती हवेत सोडतो.

या पट्ट्यांत धूळ, पीठ, केस अडकले की हवा जात नाही. मग चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर म्हातारा झाला. तरीही उष्णता वाढतच गेली, तर तो स्वतःहून बंद होतो. म्हणजे दरवेळी बंद पडणं हा बिघाडच असतो असं नाही, बऱ्याचदा तो बचाव असतो.

खुणा लक्षात ठेवा : पंखा फार आवाज करतो, डब्याच्या मागून गरम झळ येते, थोड्या वेळाने माऊस अडतो, मग एकदम स्क्रीन काळी.

पायरी ३ : आधी कागदपत्रं सांभाळा

डबा उघडण्याआधी गटाचे हिशोब, ग्राहकांची कागदपत्रं पेनड्राईव्हवर घ्या. कॉम्प्युटर दुसरा मिळेल, तीन वर्षांच्या नोंदी मिळणार नाहीत.

पायरी ४ : साफसफाई

वॉरंटी चालू असेल तर डबा स्वतः उघडू नका, जिथून घेतला तिथेच न्या. वॉरंटी संपली असेल तर :

१. कॉम्प्युटर नीट बंद करा. बोर्डातून पिन काढा, सगळ्या वायरी सोडवा. कोणती वायर कुठे होती, त्याचा मोबाईलवर फोटो काढा. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते.

२. डबा ओट्यावर, उजेडात घ्या. मागच्या बाजूचे स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. स्क्रू वाटीत ठेवा.

३. आतल्या भागाला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा. आपल्या अंगावरची वीज तिथे उतरते, नाहीतर नाजूक भाग खराब होऊ शकतात.

४. रंगाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश घ्या. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि पट्ट्यांतली धूळ हलक्या हाताने काढा. ब्लोअर असेल तर लांबून मारा, पण तेव्हाही पंखा गरगर फिरू देऊ नका.

५. जाळ्या आणि मागचा पंखाही साफ करा. पत्रा लावा, फोटो बघून वायरी जोडा.

हे करू नका : ओलं फडकं लावू नका. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. पंख्याखालचा ठोकळा उचकटू नका. त्याच्या आणि चिपच्या मध्ये एक खास पेस्ट असते, ठोकळा काढला की ती नवी लावावी लागते. आणि जिथे लाईटची वायर जोडतो तो पत्र्याचा बंद डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, कधीही उघडू नका. पिन काढली तरी त्यात वीज साठलेली असते.

ताईंचा डबा उघडला तेव्हा आम्ही दोघी बघतच राहिलो. पट्ट्यांच्या फटी पिठाने पार बुजल्या होत्या. ब्रश ३० रुपयांचा. पंखा साफ केल्यावरही घरघरत होता, तो तालुक्याच्या दुसऱ्या कारागिराकडून ४०० रुपयांत बदलला. पेस्टही त्यानेच नवी लावली. बोर्ड चांगला होता.

पायरी ५ : तरीही हळू असेल तर

ताईंचा कॉम्प्युटर आता बंद पडत नव्हता, पण सुरू व्हायला अजूनही वेळ लागत होता. हे दुखणं वेगळं होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. कोणता प्रोग्राम जास्त जागा आणि ताकद खातोय ते दिसतं. त्यातल्या 'स्टार्टअप'मध्ये चालू होताक्षणी उठणाऱ्या प्रोग्रामची यादी असते, नको ते बंद ठेवा. पण अँटीव्हायरस बंद करू नका, आणि जे नाव कळत नाही त्याला हात लावू नका. मग सी ड्राईव्हमध्ये जागा किती उरली ते बघा. ताईंच्या डाउनलोडमध्ये जुने फॉर्म खच्चून भरले होते. ते काढले, रिसायकल बिन रिकामा केला, फरक पडला.

रोजची काळजी

डबा जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा. चालू असताना त्यावर विणलेलं किंवा प्लास्टिकचं कव्हर नको. चूल, गिरणी, उदबत्तीपासून लांब ठेवा. लॅपटॉप गोधडीवर नको, पाटावर ठेवा, कारण बऱ्याच लॅपटॉपची हवा खालून आत जाते. साफसफाई सहा महिन्यांनी, गिरणी किंवा रस्ता जवळ असेल तर दोन-तीन महिन्यांनी.

एवढं करूनही बंद पडत असेल तर बिघाड खरा असू शकतो. मग कारागिराकडे जा, पण वही घेऊन. कोणता भाग गेला ते विचारा, बदललेला जुना भाग परत मागा, बिल घ्या.

त्या ताईंनी १४ हजारांची मागणी मागे घेतली. हप्ता वेळेवर आला. टेबल आता गिरणीपासून पलीकडच्या खोलीत आहे. मला मात्र एक गोष्ट लागून राहिली. घरात दहा महिने मशीन होतं, पण "आपल्याला काय कळतंय" म्हणून आम्ही कुणीच ते उघडून बघितलं नव्हतं. शिलाई मशीनला तेल घालतो, गिरणीचा पट्टा बदलतो, मग हेही जमेल.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात कर्जातून घेतलेली यंत्रं कोणती? त्यांची देखभाल कोण करतं?

२. दुरुस्तीसाठी कर्ज मागितलं तर आधी कोणते तीन प्रश्न विचारायचे?

३. गटाच्या नोंदींची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे?

उत्तरं कार्यवृत्तात नक्की लिहा. मी पुढच्या भेटीत वाचायला येते आहे.

तुमची क्षेत्र समन्वयक