खुडूक कोंबडी व उबवणीचें यंत्र

अंडीं उबविण्याचें यंत्र घरीं आणणाऱ्यानें प्रथम खुडूक कोंबडीकडे नीट पाहावें. २१ दिवस ती अंड्यांना ऊब देते, आणि चोचीनें तीं वरचेवर फिरविते. न फिरविल्यास आंतील जीव कवचाच्या अस्तरास चिकटून मरतो. म्हणून यंत्रांतील अंडींही १८ व्या दिवसापर्यंत रोज निदान तीन वेळां फिरवावीं. पंख्याच्या यंत्रांत उष्णता सुमारें ३७.५ अंश सेल्सिअस राखावी. सातव्या दिवशीं अंधारांत दिव्यापुढें अंडें धरावें. रक्तवाहिन्यांचें जाळें न दिसल्यास तें काढून टाकावें.

शेवटचे तीन दिवस फार जपावे. तेव्हां अंडीं फिरवूं नयेत, यंत्रांत ओलावा वाढवावा व झांकण उघडूं नये. एकदां पिलांस मदत करावी म्हणून आम्ही तें वारंवार उघडलें. ओलावा गेला, अस्तर सुकलें आणि पुष्कळ पिलें कवचांतच मेलीं. त्या दिवसांत कोंबडी अंड्यांवरून सहसा कां उठत नाहीं, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें.

जेथें वीज वारंवार जाते, तेथें एखादी खुडूक कोंबडी हाताशीं असूं द्यावी. देशी कोंबडीखालीं दहा-बारा अंडीं चांगलीं उबतात. आमच्या नुकसानीवरून वाचकांनीं सावध व्हावें.