मुलांचें मनोराज्य व त्यांतून परतण्याची वाट

बालपणीं मनोराज्य कोण करीत नाहीं? काठीचा घोडा होतो, दगडांचा किल्ला होतो. आणि दिवेलागणीस आईची हांक येतांच घोडा पुन्हा काठी होऊन कोपऱ्यांत उभा राहतो. परंतु कांहीं मुलांचें मनोराज्य इतक्या लवकर आटोपत नाहीं. तें वर्षानुवर्षें वाढतें. त्यास स्वतःचा इतिहास, भूगोल व राजे असतात. आधुनिक मानसशास्त्रज्ञ त्यास ‘पॅराकॉझम’ असें नांव देतात. असें मूल घरांत असलें म्हणजे पालकांस भय वाटतें. तें भय कितपत यथार्थ आहे, हें एका प्रसिद्ध इंग्रज कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहूं.

यॉर्कशायर परगण्यांतील हॉवर्थ या गांवीं पॅट्रिक ब्राँटे हे धर्मोपदेशक होते. त्यांची पत्नी १८२१ सालीं वारली. पुढें १८२५ सालीं दोन थोरल्या मुली वसतिगृहाच्या शाळेंतून आजारी होऊन घरीं आल्या व निवर्तल्या. मागें शार्लट, ब्रॅनवेल, एमिली व ॲन हीं चार भावंडें राहिलीं. त्यांत सर्वांत मोठी शार्लट नऊ वर्षांची, तर धाकटी ॲन अवघी पांच वर्षांची होती.

१८२६ च्या जून महिन्यांत वडिलांनीं लीड्स शहराहून ब्रॅनवेलसाठीं लांकडी शिपाई आणिले. प्रत्येक भावंडानें एकेक शिपाई निवडून त्याचें नांव ठेविलें. शार्लटचा झाला वेलिंग्टन, ब्रॅनवेलचा बोनापार्ट. या शिपायांसाठीं मुलांनीं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘ग्लास टाउन’ नामक काल्पनिक नगर वसविलें, आणि शिपायांस शोभतील अशीं आगपेटीएवढालीं पुस्तकें बारीक अक्षरांत लिहून आपल्या हातांनीं शिवलीं. त्यांपैकीं कांहीं हॉवर्थ येथील संग्रहालयांत जपून ठेविलेलीं आहेत. पुढें शार्लट व ब्रॅनवेल यांनीं ‘अँग्रिया’ हें राज्य रचिलें. एमिली व ॲन यांनीं ‘गोंडल’ हें बेट.

या खेळांत मेलेल्या पात्रास पुन्हा जिवंत करण्याची शक्ति मुलांनीं स्वतःकडे ठेविली होती. ज्या घरांतून मृत्यूनें आई व दोन बहिणी नेल्या, त्या घरांतील मुलांस हा खेळ कां सुचला असावा, हें सांगावयास नको. मनोराज्य हा पुष्कळदां आळस नसतो. तें दुःखाचें सांत्वन असतें.

तथापि त्याचें मोलही द्यावें लागतें. १८३५ पासून १८३८ पर्यंत शार्लट एका शाळेंत शिक्षिका होती. तेथें अँग्रियाचीं दृश्यें तिच्या डोळ्यांपुढें इतकीं स्पष्ट उभीं राहत, कीं एखादी विद्यार्थिनी धडा घेऊन आली तरी तिला संताप येई. १८३७ सालीं राजकवि रॉबर्ट साउदी यांनीं तिला पत्रानें बजाविलें, कीं अशा दिवास्वप्नांनीं मनःस्वास्थ्य बिघडण्याचा संभव असतो. १८३९ च्या सुमारास तिनें अँग्रियाचा निरोप घेण्याचा आपला निश्चय लिहून ठेविला. तें जग सोडणें तिला कठीण गेलें. परंतु तेथें कमाविलेली लेखणी तिनें सोडिली नाहीं. १८४७ सालीं ‘जेन एअर’ ही तिची कादंबरी प्रसिद्ध झाली.

एमिलीनें निरोप घेतला नाहीं. १८४५ सालीं, सव्वीस वर्षांची असतां, यॉर्कच्या प्रवासांत ती व ॲन गोंडलच्या पात्रांचीं सोंगें घेऊन खेळत होत्या. परंतु हीच एमिली घरचें पीठ मळून पाव भाजीत असे, आणि ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरीही तिनेंच लिहिली. ब्रॅनवेल मात्र मोठेपणींही आपल्या कवितांखाली अँग्रियांतील सरदाराचें नांव घालीत राहिला. नोकऱ्या गेल्या, दारू व अफू यांनीं तो पोखरला, आणि १८४८ सालीं एकतिसाव्या वर्षीं वारला. त्याच्या नाशाचा दोष केवळ मनोराज्यास देणें न्यायाचें होणार नाहीं. पण प्रत्यक्ष जगांत पाय रोवावयास त्याला ठिकाण सांपडलें नाहीं, एवढें खरें.

म्हणून, पालकहो, मूल स्वप्नांत रमतें एवढ्यावरून त्याची वही फाडूं नका, त्याचें हसें करूं नका. तें हांकेस ओ देतें काय, जेवण, अभ्यास व सोबती यांत त्याचें मन लागतें काय, हें पाहा. लागत असेल तर चिंता नको. लागत नसेल, तर तें कशापासून पळत आहे याचा शोध घ्या. एखादें दुःख असेल, कोणाचें भय असेल. त्याच्याजवळ बसून त्याच्या राज्याची हकीकत ऐका, आणि जरूर पडल्यास वैद्यकीय सल्ला घेण्यास संकोच करूं नका.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या मनांत एखादें राज्य असेल तर तें कागदावर उतरवा, चित्रांत काढा, भावंडांस दाखवा. दुसऱ्यास दाखवितां येईल असें कांहीं त्यांतून निर्माण झालें, म्हणजे तेथून परत येण्याची वाट मोकळी राहते.